दोन ठोक्यांचा बर्फ

मित्रांनो, मी बर्फाला प्रश्न विचारणारी एक जुनी काठी आहे. माझी उंची माणसाहून हातभर जास्त. खालचे टोक लोखंडाचे, वरच्या टोकाला वॉलरसच्या सुळ्याचा आकडा. मधल्या लाकडाला एक लांब चीर गेली आहे आणि त्या चिरेवर सीलच्या कातड्याची वादी आवळून बांधली आहे. ती चीर कशी पडली ते मला सांगायचे आहे. सांगताना मी मध्येच थांबले तर समजून घ्या. मी भित्री आहे. ज्या काठीला भीती वाटत नाही, तिच्या भरवशावर कोणी समुद्रावर पाऊल टाकू नये, असे मला घडवणारा माणूस म्हणत असे.

त्या माणसाचे नाव इनुकी. उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या गावात झाड उगवत नाही. मी कुठल्या नदीच्या काठी उभी होते, कोणत्या पुरात वाहून गेले, किती वर्षे समुद्रात भिजत राहिले, यातले मला काही आठवत नाही. आठवते ते किनाऱ्यावरच्या गोट्यांत पडून राहणे आणि एका उन्हाळ्यात इनुकीने मला उचलून जिभेने चाटून पाहणे.

"पुष्कळ मीठ प्यायलीय ही," तो बायकोला म्हणाला. "हिला समुद्र माहीत असणार."

गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर सैनिकांचा एक सोडून दिलेला तळ होता. तिथल्या कचऱ्यातून त्याने लोखंडी सळई आणली आणि आठ दिवस दगडावर घासून तिला धार काढली. सुळ्याचा आकडा त्याने हिवाळ्यात, दिव्याजवळ बसून कोरला. त्याची मुलगी झिपोरा तेव्हा सात-आठ वर्षांची होती. आकड्याचा भुगा ती फुंकरीने उडवायची आणि बापाच्या डोळ्यात घालायची. तो रागवायचा नाही. डोळे चोळत पुन्हा कोरायला बसायचा.

समुद्र गोठू लागला की माझे काम सुरू होई. इनुकी पुढे पाऊल टाकण्याआधी माझे टोक जोराने बर्फावर मारी. एकाच ठोक्यात टोक आरपार गेले, तर तिथे थांबायचे. दोन ठोके लागले, तर माणसाने चालावे. तीन लागले, तर कुत्र्यांची गाडी आणावी. त्यापुढे मोजायची गरज पडत नसे. समुद्राचा नवा बर्फ तळ्याच्या बर्फासारखा कडकन फुटत नाही. तो खारा असतो, ओलसर असतो आणि माणसाच्या पायाखाली ताणलेल्या चामड्यासारखा खालीवर होतो. जे माझ्या टोकाला कळे ते इनुकीच्या तळहाताला कळे. माझे टोक एका ठोक्यात आरपार जाई तेव्हा खाली जे लागे, त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. तिथे तळ नव्हता. काळे, गार पाणी होते आणि ते माझ्या टोकाला हळूच ओढत असे. दर वेळी मला वाटे, या माणसाची मूठ सुटली तर मी कायमची गेले. त्याची मूठ कधी सुटली नाही.

त्या काळी आमचे लोक अस्वलाची शिकार करत. आजही करतात, मोजून मापून. पण अस्वलाची थट्टा कोणी करत नसे. ते कितीही लांब असले तरी आपले बोलणे त्याच्या कानावर जाते, असे आमच्याकडे मानतात. एकदा इनुकी आणि झिपोरा बर्फाच्या एका उंचवट्यामागे आडवे पडून होते. मी त्यांच्या मध्ये होते. समोर एक मोठे पांढरे अस्वल नुकत्याच धरलेल्या बर्फावरून चालले होते.

"बाबा, ते बुडेल," झिपोरा कुजबुजली.

"त्याचे पाय बघ. फाकवलेत ना? आता पोट टेकवलं. पाऊल उचलत नाही, सरकवतंय. आणि थांबत नाही कुठे. पातळ बर्फावरून कसं जायचं, हे आपल्या लोकांना त्यानंच शिकवलंय."

"मग आपण त्याला मारतो कशाला?"

"खायला. पण शिकवणाऱ्याचं सगळंच खाऊन टाकायचं नसतं, पोरी."

माझी कीर्ती झाली ती धुक्याच्या वर्षी. बर्फाचा एक मोठा तुकडा नऊ माणसांसकट किनाऱ्यापासून सुटला. धुक्यात हात पुढे केला तर बोटे दिसत नव्हती. मधल्या पाण्यावर धरलेल्या नव्या बर्फावरून इनुकीने मला ठोकत ठोकत त्या नऊ जणांना एकामागे एक घरी आणले. त्यानंतर कित्येक दिवस लोक आमच्या दाराशी यायचे आणि जाताना माझ्या लाकडावर तळहात ठेवायचे. म्हातारपणी माणसे आपले लग्न आठवतात, तशी मी ते दिवस आठवते.

पुढे बर्फावर धावणाऱ्या मोटरी, स्नोमोबाइल, आल्या. मोटरवर बसलेल्या माणसाच्या पुढे काठी ठोकत कोण चालणार? इनुकी म्हातारा झाला आणि एका वसंतात वारला. झिपोराचे लग्न होऊन गेले होते. तिचा नवरा पॉलूसी मोठा हौशी माणूस, गावातली सगळ्यात वेगवान मोटर त्याची. त्याने मला टाकून दिले नाही. पण त्यांच्या घराच्या बाहेरच्या दाराची कडी मोडली होती, म्हणून वाऱ्याने दार उघडू नये यासाठी मला तिरके लावून ठेवले. कधी कुत्र्यांचे खाणे ढवळायला घेत. सुळ्याच्या आकड्यावर ओले हातमोजे वाळत. मला त्याचे फार वाईट वाटत नव्हते. बर्फ चांगला होता, माणसे घरी येत होती, मग मी दार धरून उभी राहिले तर काय बिघडले?

पण बर्फ बदलत होता. तो बदल मोटरवाल्यांना दिसत नव्हता आणि मी दाराला लागून उभी होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा पूर्वी समुद्रावरून कुत्र्यांच्या दहा गाड्या शेजारी शेजारी गेल्या असत्या, तेव्हा पॉलूसी त्याच्या नेहमीच्या वाटेने निघाला. मला बाजूला करूनच तो दाराबाहेर पडला. जाताना फटीतून हात घालून मला पुन्हा जागच्या जागी टेकवून गेला. संध्याकाळी लोकांना मोटरचा माग दिसला, आणि मागाच्या शेवटी पाण्याचे एक गोल भोक.

मित्रांनो, मी तिथे असते तर एकच ठोका पुरला असता. हे मी झिपोराला कधी सांगू शकले नाही. तिने दुसऱ्याच दिवशी दाराला नवी कडी बसवली. मला घरात घेऊन कोरडे पुसले. बराच वेळ ती मला मांडीवर घेऊन बसली होती, मग तिने मला खिडकीजवळच्या खिळ्यावर टांगले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्यात तीन माणसे आहेत. झिपोरा, जी आता अडुसष्ट वर्षांची झाली होती. पॉलूसीचा धाकटा भाऊ जेपीटी, अंगाने जाड आणि जिभेने सैल. आणि झिपोराच्या भावाचा मुलगा, धाकटा इनुकी. थोरला इनुकी वारला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो जन्मला, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे त्याला आजोबांचे नाव मिळाले, आणि नावाबरोबर आजोबांची नातीही. त्यामुळे पांढऱ्या केसांची झिपोरा आपल्या चाळिशीतल्या भाच्याला 'बाबा' म्हणते आणि तो तिला 'पोरी' म्हणतो. गावात याचे कोणाला हसू येत नाही. मला तर त्याने पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा जुन्याच मुठीत गेल्यासारखे वाटले.

धाकट्या इनुकीचे काम गावाभोवती पहारा देण्याचे होते. अस्वल आले की मोटरवरून पाठलाग करायचा, मोठ्या आवाजाचे बार काढायचे आणि त्याला हाकलायचे. गावाच्या बैठकीत नियम ठरला होता. तीन वेळा हाकलायचे. चौथ्या वेळी तेच अस्वल परत आले, तर गोळी.

पूर्वी असा पहारा लागत नसे. त्याचे कारण सांगते. आमचे लोक उन्हाळ्याच्या शेवटी वॉलरसची शिकार करतात. मांस त्याच्याच कातड्यात शिवून किनाऱ्यावरच्या गोट्यांखाली पुरतात. तिथे ते हळूहळू आंबते. थंडी पक्की झाली की उकरून काढून गावभर वाटतात. म्हाताऱ्यांच्या तोंडाला त्याच्या आठवणीनेही पाणी सुटते. पुरायची जागा आजोबा-पणजोबांपासून एकच, गावाच्या टोकाशी असलेला गोट्यांचा उतार. मग तिथे जवळच शाळा बांधली गेली. तरी काही बिघडले नव्हते, कारण ऑक्टोबरच्या मध्यावर समुद्र गोठायचा आणि अस्वले सीलच्या मागावर लांब बर्फावर निघून जायची. आता नोव्हेंबर संपत आला तरी समुद्र उघडा राहू लागला. अस्वले किनाऱ्यावरच उपाशी थांबू लागली, आणि आपण त्यांच्या नाकासमोर मांस पुरून ठेवत राहिलो. जुनी रीत कोणत्या वर्षी चूक झाली, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

त्या नोव्हेंबरात एक मादी आली. बरोबर एक पिल्लू. झिपोराच्या खिडकीतून मला दोघे दिसत होते. मादीच्या कातड्याखाली बरगड्या हलत होत्या. ती गोटे उकरत होती आणि पिल्लू शाळेच्या झोक्याचा वास घेत होते. गावच्या रेडिओवर कोणीतरी अगदी सावकाश सांगत होते, "मुलांना आत घ्या. शाळेमागे अस्वल आहे. मुलांना आत घ्या." आया दारात उभ्या राहून मुलांची नावे घेत होत्या. त्या हाका ऐकून माझे लोखंड गार पडले. तीन दिवसांत धाकट्या इनुकीने मादीला तीनदा हाकलले. शेवटच्या वेळी ती पळाली नाही. चालत गेली.

त्या दिवशी तो झिपोराकडे जेवायला आला. जमिनीवर पुठ्ठा पसरून त्यावर गोठलेले हरणाचे मांस ठेवले होते. जेपीटी आधीच खायला बसला होता.

"बाबा, बस. खा आधी," झिपोरा म्हणाली.

"नको, पोरी. उद्या ती येईल. मग मला बंदूक उचलावी लागेल. मागोमाग पिल्लूही मारावं लागेल, आईवाचून ते आठ दिवस काढायचं नाही."

जेपीटी चावत राहिला.

"ती खणतेय ते मांस कुणाचं?" झिपोराने विचारले.

"तुझं. नि जेपीटीकाकांचं."

"मग चौथ्यांदा बोलावणं कुणी धाडलं तिला? मीच ना. गोळी मला घाल."

"वहिनी, तुमची तुम्ही खा गोळी. मला त्यात ओढू नका," जेपीटी म्हणाला. "पण खरं सांगू का? भारी अस्वल आहे ती. नाक असावं तर असं. माझ्या बायकोला घरात जळलेलं कळत नाही."

"भावजी, तिच्याबद्दल जपून बोला."

"मी स्तुती करतोय."

"तीही जपून करा."

झिपोरा उठली आणि खिडकीशी गेली. चार दिवसांपूर्वी कडक थंडी पडली होती आणि खाडीवर राखाडी बर्फ धरला होता. खाडीच्या तोंडाशी एक लहानसे बेट आहे. बेटाभोवती जुना पांढरा बर्फ वाऱ्याने येऊन अडकला होता, आणि तिथे सील असतात.

"तिला जमीन नकोय," ती म्हणाली. "मांसाचा वास तिला धरून ठेवतोय. आपण मांस बेटाकडे न्यायचं. ती मागून येईल. तिथं सीलचा वास लागला की गावाकडे तोंड करणार नाही."

"चार दिवसांचा बर्फ आहे, पोरी. मोटर जाणार नाही त्यावर."

"मोटर कुणी मागितली? लहान घसरगाडी नि लांब दोर. आपण तिघं ओढू."

जेपीटीने चावणे थांबवले. "तिघं म्हणजे? माझा भाऊ ज्या पाण्यात गेला, त्याच पाण्यावर मी चार दिवसांच्या बर्फावरनं जाऊ? माझं वजन बघितलंत का, वहिनी?"

"बघतेय, वीस वर्षं. माझ्याच घरचं खाऊन वाढलंय ते."

मग तिने हात वर करून मला खिळ्यावरून काढले.

दुसऱ्या दिवशी उजेड झाल्यावर धाकट्या इनुकीने मोटर नुसती फिरवून मादीला उतारापासून लांब सरकवले. तेवढ्यात बाकीच्या दोघांनी गोटे बाजूला करून मांसाची दोन गाठोडी काढली. एक अर्धे फाटलेले होते. त्याचा वास सगळ्या खाडीवर पसरला. घसरगाडीला चाळीस पावले लांब दोर बांधला. सगळ्यात पुढे मला घेऊन झिपोरा.

"मी पुढे होतो," धाकटा इनुकी म्हणाला.

"तू मोटरच्या आवाजात वाढलास, बाबा. तुला काठी कुठे ऐकू येते? तू मध्ये राहा नि बंदूक सांभाळ."

"म्हणजे शेवटी मी. अस्वलाच्या सगळ्यात जवळ," जेपीटी म्हणाला.

"तुम्हाला पुढे आयुष्यभर सांगायला गोष्ट मिळेल, भावजी."

"आयुष्य उरलं तर."

आम्ही निघालो. दोन ठोके. पाऊल. दोन ठोके. पाऊल. बर्फ पायाखाली वाकत होता आणि पुढे एक बारीक लाट उठून जात होती. खालचे पाणी बर्फाच्या अंगाला लागून वाहत होते, त्याचा आवाज माझ्या टोकातून वर येत होता. त्याच पाण्यात कुठेतरी पॉलूसी आहे, हे झिपोरालाही ठाऊक होते आणि मलाही. ती एकदाही थांबली नाही. दोन ठोके. पाऊल. मला ते आकडे पाठ होते, तरी प्रत्येक ठोक्याला वाटे, हा एकच असेल.

"मागे बघू का?" बऱ्याच वेळाने जेपीटीने विचारले.

"नका बघू," झिपोरा म्हणाली.

"बघितलं. निघालीय ती. पिल्लू पळतंय, ती चालतेय."

त्यानंतर तो बोलला नाही. जेपीटी गप्प बसला म्हणजे काय, हे आमच्या गावात राहणाऱ्यालाच कळेल.

बेट आता इतके जवळ आले होते की त्यावरचे दगड वेगवेगळे दिसत होते. आणि तिथे झिपोराने मला मारले, आणि मी एकाच ठोक्यात आरपार गेले.

माझे टोक पाण्यात लोंबकळले. तिने मला उपसून उजवीकडे मारले. एक ठोका. थोडे पुढे. एक ठोका. समोर काळपट बर्फाचा एक पट्टा आडवा पसरला होता, रुंदीला वीसेक पावले. त्याच्या पलीकडे पांढरा जुना बर्फ होता, इतका जवळ की त्यावरचे वाऱ्याचे ओरखडे दिसत होते.

नेमका तेव्हाच हातातला दोर ताणला गेला.

"वहिनी," जेपीटी अगदी हळू म्हणाला, "गाडी जड झाली."

मागे मादीने घसरगाडीवर पंजा ठेवला होता. पिल्लू गाठोड्यावर चढून बसले होते. दोराच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला आम्ही. तिने मान हलवली की तिघांचे हात हलत होते. धाकट्या इनुकीने बंदूक खांद्याला लावली.

"पोरी, पुढे जाता येतंय का?"

"नाही."

"मग मला गोळी झाडावी लागेल. ती आता मांसावर आहे. आपल्याला मागे वाट देणार नाही."

"मागची वाट मागायचीच कशाला? दोर सोडा. हळू. खाली ठेवा, टाकू नका."

दोर बर्फावर पडला. झिपोराने मला डावीकडे मारले. एक ठोका. अजून थोडे मागे घेऊन डावीकडे. पहिला ठोका. मी आत शिरू नये म्हणून माझ्या सगळ्या लाकडानिशी प्रार्थना केली. दुसरा ठोका. तेव्हा कुठे पाणी लागले.

"इथून बाजूला होऊ," ती म्हणाली. "पाय उचलू नका. सरकवा. थांबू नका."

ती गेली. धाकटा इनुकी गेला, बंदुकीची नळी मादीकडे ठेवून, तिरका तिरका. जेपीटीने पाय फाकवले आणि सरकू लागला. चार पावलांवर तो घाबरून थांबला. एवढेच. बर्फ त्याच्याभोवती वाटीसारखा खाली गेला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात उतरला.

तो ओरडला नाही. अस्वल ऐकेल म्हणून ओरडला नाही, असे तो पुढे सांगे. झिपोरा पोटावर आडवी झाली आणि तिने मला भोकावरून त्याच्या छातीपुढे आडवे सरकवले. त्याने मला दोन्ही काखांत धरले. आता माझी दोन टोके बर्फावर होती आणि मध्ये त्याचे सगळे वजन. खालून पाणी त्याला बर्फाखाली ओढत होते, मला ते ओढणे ओळखीचे होते. चाळीस पावलांवर मादीने मांसातून तोंड वर काढले आणि ती आमच्याकडे पाहू लागली.

धाकट्या इनुकीच्या हातात बंदूक होती. बंदूक खाली ठेवल्याशिवाय त्याला जेपीटीला ओढता येणार नव्हते. त्याने एकदा मादीकडे पाहिले. मग बंदूक बर्फावर ठेवली, लांब सरकवून दिली आणि आडवा होऊन जेपीटीची कॉलर धरली.

त्याने ओढायला सुरुवात केली आणि मला तडा गेला. समुद्रात असताना गेला नव्हता, थोरल्या इनुकीच्या हातात गेला नव्हता, तो तिथे गेला, आकड्यापासून मधल्या गाठीपर्यंत. मला वाटले, सगळे संपले. लाकडाचे शेवटचे धागे जितके जमेल तितके मी धरून ठेवले. जेपीटी इंच इंच वर आला आणि सीलसारखा पोटावर पालथा पडला.

"लोळा," झिपोरा म्हणाली. "भुसभुशीत बर्फात लोळा, पाणी शोषून घेईल तो."

तो लोळत असताना मादी निघाली. पिल्लू तिच्या मागे. आमच्याच दिशेने. बंदूक हाताच्या अंतरावर नव्हती. तिघे आडवे पडून राहिले. मी भोकावर तशीच. ती काळ्या पट्ट्याच्या कडेला येऊन थांबली, नाक वर करून वास घेत राहिली. पलीकडून वारा येत होता आणि वाऱ्यात सील होता. मग तिने पुढचे पाय फाकवले, पोट टेकले आणि जिथे मी एका ठोक्यात बुडत होते, त्या बर्फावर सरकत निघाली. बर्फ वाकला, फुटला नाही. पिल्लाने आईकडे पाहिले, आपले लहान पाय फाकवले आणि तसेच सरकू लागले. आमच्यापासून वीस पावलांवरून दोघे गेले.

झिपोरा पुटपुटत होती. "बाबा, ते बुडेल," असे ती म्हणत होती. आठ वर्षांच्या मुलीच्या आवाजात.

"नाही बुडत, पोरी," धाकटा इनुकी म्हणाला. "पाय बघ तिचे."

ती पांढऱ्या बर्फावर चढली. अंग झटकले. एकदाही मागे न पाहता नाक खाली घालून चालत राहिली, आणि पिल्लू दिसेनासे झाले तरी ती बराच वेळ दिसत होती.

परतताना जेपीटीची विजार धुराड्याच्या नळीसारखी कडक झाली होती. चालताना ती खडखडत होती. "वहिनी, उद्या रेडिओवर काय सांगायचं?" त्याचे दात वाजत होते. "अस्वल चांगलं पोहोचलं, भावजी थोडे ओले झाले."

"सांगा. पण जपून."

त्यानंतर गावाने मांस पुरायची जागा बदलली. तो गोट्यांचा उतार आता मोकळा आहे. पहिल्या वर्षी म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, नव्या जागेचे मांस बेचव लागते म्हणून. जेपीटीने सगळ्यात जास्त कुरकुर केली आणि सगळ्यात जास्त खाल्ले. शाळेमागे येणारी अस्वले कमी झाली, आणि धाकट्या इनुकीला त्यानंतर तीन हिवाळे बंदूक चालवावी लागली नाही. झिपोराने माझी चीर वादीने बांधली. आता माझ्याने माणूस पेलवणार नाही, पण ठोका अजून मारता येतो.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला हाक मारली नसती. यंदा डिसेंबर लागला आहे आणि मी अजून खिळ्यावरच आहे. कोणी मला विसरलेले नाही. झिपोरा रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसते, किनाऱ्यापर्यंत जाते आणि मला न नेता परत येते. ठोका मारायला बर्फच नाही. खाडीत लाटा आहेत. काल दुर्बिणीतून तिला लांबच्या खडकावर एक पांढरा ठिपका दिसला. तो समुद्राकडे तोंड करून बसला होता. ते पिल्लू असेल, आता मोठे झालेले, किंवा दुसरे कोणी. ती तासभर तिथे उभी होती. घरी येऊन तिने धाकट्या इनुकीला फोन केला आणि विचारले, "बाबा, पाय फाकवायला पण काहीतरी खाली लागतं ना?" तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही.

मांसाची जागा बदलणे आमच्या हातात होते, ते आम्ही केले. समुद्र गार ठेवणे एकट्या आमच्या गावाच्या हातात नाही. तुम्ही जिथे राहता तिथे कदाचित बर्फ कधी पडतच नसेल. तरी तुमच्या चुलीचा, तुमच्या गाड्यांचा, रात्रभर जळणाऱ्या तुमच्या दिव्यांचा धूर आणि धग कुठेतरी जाते, आणि ती इथवर येते, असे शाळेतल्या बाई मुलांना सांगतात. मी जुनी काठी, मला त्यातले फार कळत नाही. मला ठोके तेवढे मोजता येतात.

एका ठोक्याचा बर्फ मी पाहिला आहे. त्याच्याखाली काय असते ते मला माहीत आहे. तुम्ही जपून वापरा, जपून जाळा. खडकावर बसलेल्या त्या पांढऱ्या ठिपक्यासाठी आणि मला रोज पुसणाऱ्या त्या म्हातारीसाठी दोन ठोक्यांचा बर्फ परत येऊ द्या. एकदा तरी तिने मला खिळ्यावरून काढावे, खाली न्यावे, मारावे, आणि पहिल्या ठोक्याला मी आत जाऊ नये.